लॉरीची दोन इंजिनं

बीचपोर्ट,
६ मार्च १९९४

प्रिय मर्व,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना ते हाताशी असतील.

हे पत्र लिहावं लागलं ते नोलीनच्या फोनमुळे. तुझ्या फाल्कन गाडीचं इंजिन फुटलं, माझ्या शेडमधल्या बोटीच्या दोन इंजिनांपैकी एक तुला तिच्यात बसवायचं आहे आणि मागायची हिंमत होत नाही, असं ती म्हणाली. पन्नाशी उलटलेला भाऊ बहिणीला बायकोकरवी निरोप पाठवतो, हे काही मला पटलं नाही.

माझं उत्तर नाही असं आहे. माझा लॉरी जाऊन दोन वर्षं झाली. बोट मी विकली, इंजिनं ठेवली. का ठेवली, ते विचारू नकोस. इथले शेवंडं पकडणारे तिघे जण ती मागायला येऊन गेले. तिघांना चहा मिळाला, इंजिन मिळालं नाही. महिन्यातून एकदा मी मोठा पाना लावून दोन्ही इंजिनं हाताने फिरवते, जाम होऊ नयेत म्हणून. लॉरी तसंच करायचा. त्या वेळी मी त्याच्याशी बोलत असते असा नोलीनचा समज दिसला. तो चुकीचा आहे.

आणि मुळात तेल न बघता गाडी दामटायला तुला कुणी सांगितलं होतं? चोवीस वर्षं मुलासारखी सांभाळलीस आणि शेवटी तहानलेली ठेवून मारलीस.

तब्येतीला जप. नोलीनला रागावू नकोस. माया आहे तशीच आहे, इंजिनाचं तेवढं सोडून बोल.

तुझी,
एनिड

ब्रोकन हिल,
२० मार्च १९९४

प्रिय एनिड,

हेडबाईंना स. न. वि. वि.

फोन नोलीनने माझ्या नकळत केला. पत्र आलं तेव्हा मी तिच्यावर चिडलो, मग ती माझ्यावर चिडली, आणि त्या दिवशी जेवणात पास्टीबरोबर चीज स्लॉची कोशिंबीर मिळाली नाही. शिक्षा झाली असं समज.

तेलाचं तू म्हणतेस ते खरं. आतला दांडा तुटला आणि इंजिनाच्या लोखंडाला भोक पाडून बाहेर आला. माझी मूठ आत जाते एवढं भोक आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी क्लॅरी म्हणतो की त्याच सालचं, त्याच गाडीचं इंजिन मिळेपर्यंत थांब, नाहीतर ती अस्सल फाल्कन जीटी राहणार नाही, खिचडी होईल. ते कधी मिळेल, हे त्यालाही ठाऊक नाही. शेजारचा स्टॅन होल्डनचं इंजिन फुकट द्यायला निघाला होता. माझ्या फोर्डमध्ये त्या वैरी कंपनीचं इंजिन. त्याला मी सांगितलं की आपण पंधरा वर्षांचे शेजारी आहोत म्हणून ऐकून घेतलं, पुन्हा बोलू नकोस. लॉरीची इंजिनं फोर्डचीच आणि माझ्या गिअरबॉक्सला जशीच्या तशी बसणारी, म्हणून माझ्या मनात आलं. क्लबात नुसता विषय काढला, तर विचारतात की नांगर कुठे टांगणार आणि लाइफजॅकेटं किती घेणार.

खाणीतून कमी केल्यापासून सकाळी उठून जायला मला एक शेडच उरली आहे. तिथे बसतो, भोक बघतो, चहा गार होतो. नोलीन नवा चहा आणून ठेवते. तुला हे लिहिणार नव्हतो.

तुझं नाही मला समजलं. लॉरी माझा नुसता मेहुणा नव्हता, मित्रही होता. पुन्हा मागणार नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे ते कळव. लोभ कमी करू नकोस, तो तरी वेळेवर बघत जाईन.

तुझा,
मर्व

बीचपोर्ट,
१२ एप्रिल १९९४

प्रिय मर्व,

आशीर्वाद. घाईत आहे.

एक इंजिन घेऊन जा. मत का बदललं ते लिहीत बसत नाही. तू सांगितल्यावर मला तो गार चहा दिसायला लागला, एवढंच. दोन्ही द्यायला मात्र सांगू नकोस, ते माझ्याने होणार नाही.

उद्या डोळ्यासाठी माउंट गँबियरला जाते आहे. मी परत येईपर्यंत तुला धीर धरवणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून किल्ली शेजारच्या थेल्माकडे ठेवते. पण दोन्ही इंजिनांत फरक आहे. कोणतं न्यायचं ते हॉस्पिटलात फोन करून मला विचार आणि मगच हात लाव.

थेल्माच्या कुत्र्याला बिस्किट दे, म्हणजे तो आत जाऊ देईल. नोलीनला प्रेम. तुलाही, पण फोन केल्यावर.

एनिड

ब्रोकन हिल,
२६ जून १९९४

प्रिय एनिड,

स. न. वि. वि. आणि साष्टांग नमस्कारही. पुढे वाचलंस की त्याची गरज कळेल.

मी तुला फोन न करताच इंजिन नेलं, हे तुला आतापर्यंत थेल्माने सांगितलं असणारच. फरक काय ते मला न विचारताच कळलं असं वाटलं. लॉरीने झाकणांवर पांढऱ्या रंगाने नावं लिहिली आहेत, एकावर लॉरी, एकावर एनिड. डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या बाईकडून 'लॉरीचं राहू दे' असं फोनवर वदवून घेणं माझ्या जिवावर आलं. त्याचं नाव तुझ्यापाशी राहावं म्हणून मी एनिड उचललं.

बसायला छान बसलं. बोटीचाच स्टार्टर लावला होता. किल्ली फिरवल्याबरोबर सुरू झालं, आणि आवाज असा की नोलीन हात पुसत बाहेर आली आणि आपणहून गाडीत बसली. कोणत्या बाजूला फिरतंय ते अशा वेळी कोण बघतो? मी पहिला गिअर टाकला. गाडी मागे गेली. शेडचा मागचा पत्रा फोडून आम्ही दोघं कोंबड्यांच्या खुराड्यात. नोलीनच्या मांडीवर एक कोंबडी, तीही गप्प. मग नोलीन हसायला लागली. खाण सुटल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आता माझ्या गाडीला मागे जायचे चार गिअर आहेत आणि पुढे जायचा एक. स्टॅन म्हणतो की तिला समुद्राकडे परत जायचं आहे, जाऊ दे बिचारीला. क्लॅरीने क्लबच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढची जागा देऊ केली, म्हणजे तोंड बाकीच्यांकडे राहील.

आता मुद्दा. एनिड पूर्ण उघडून आतला कॅमशाफ्ट आणि आणखी बरंच काही बदललं तर ते सुलटं फिरेल. काम किचकट आहे, पण मला वेळच वेळ आहे. तसं केलं तर लॉरीला हात लावायची वेळ येणार नाही. तुझ्या परवानगीशिवाय मात्र एक बोल्टही सोडणार नाही. आता तरी विचारून करतो आहे.

डोळा कसा आहे? रागव, पण पत्र पाठव.

तुझा,
मर्व

बीचपोर्ट,
३ जुलै १९९४

प्रिय मर्व,

आशीर्वाद. डोळा उत्तम आहे. तुझं पत्र चष्म्याशिवाय वाचलं, आणि थेल्मा भिंतीपलीकडून विचारायला आली की मला हसायला काय झालं.

फरक म्हणजे हाच. कोणतं नेलंस ते घरी येताच पाहिलं होतं, पण फोन न करणाऱ्याला तो आपोआप कळू दे म्हटलं. बोटीला दोन पंखे असले आणि दोन्ही एकाच बाजूला फिरले, तर ती एका अंगाला ओढली जाते. म्हणून एक इंजिन मुद्दाम उलटं फिरणारं घ्यावं लागतं. ते आलं त्या दिवशी लॉरीने रंग आणला आणि धक्क्यावरच्या सगळ्यांदेखत त्याच्यावर माझं नाव घातलं. सगळा मोसम ते लोक हसत होते. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. काही दिवसांनी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला की हे दुसरं नसतं तर मी बंदरातच गोल गोल फिरत राहिलो असतो. मग मी त्याला जेवायला वाढलं.

तेव्हा एनिडला सुलटं करायची परवानगी मी देत नाही. लॉरीने तो नाद केव्हाच सोडला होता. तूही सोड.

एनिड परत आण आणि लॉरी घेऊन जा.

हे वाक्य लिहायला मला आठवडाभर लागला असता, पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेडमध्ये गेले. ते एकटंच होतं. पाना लावला, फिरवलं. फिरलं. पुढच्या महिन्यातही फिरलं असतं, माझं मनगट चालेल तोवर. पण इंजिन हे एका म्हातारीने हाताने फिरवत ठेवायची वस्तू नाही. तू त्याचं नाव माझ्यासाठी मागे ठेवलंस, ते मी विसरणार नाही. पण लॉरी पुढे जाणारा आहे, त्याला शेडमध्ये धरून ठेवणं बरं नाही. समुद्रापासून इतक्या लांब नेलं म्हणून तो तुला शिव्या घालील. तेवढं ऐकून घे.

आणि नोलीनचा समज चुकीचा आहे, असं मी तुला खोटंच लिहिलं होतं. मी बोलते त्याच्याशी. तू गाडीत बोललास तरी चालेल.

शनिवारी ये. पहिली फेरी नोलीनला घेऊनच मार, पुढच्या दिशेने. तुम्हा दोघांवरची माया आता पत्राबरोबर वजनानेही पाठवते आहे.

एनिड

बीचपोर्ट,
शनिवार, ९ जुलै १९९४

मर्वच्या ट्रेलरवर चढवलं: लॉरीचं इंजिन, स्टार्टर आणि कार्ब्युरेटरसकट. ते बसवायचे दोन लोखंडी कंस. तेलाचा मोठा डबा, भरलेला. नोलीनसाठी शेवंड एक, बर्फात.

मर्वकडून उतरवून घेतलं: एनिडचं इंजिन. फटीतली पिसं काढली. पाना लावून फिरवून पाहिलं. दिशा पूर्वीचीच.

देणार: एनिड हचेसन
घेणार: मर्विन पास्को