जर्मन किती वर्षं?

११ मार्च

पैज लावली! वय वर्षं एकोणपन्नास, आणि पैज कुणाशी, तर चौदा वर्षांच्या पोटच्या पोरीशी. लाज वाटायला हवी. वाटत नाहीये.

झालं असं — हायस्कूलला जाताना परकी भाषा किती शिकायची ते फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. एक वर्ष, दोन किंवा चार. भाषा जर्मन. भिंगरी (एका जागी बसत नाही म्हणून घरात हेच नाव) म्हणाली, "एकच वर्ष. की सुटले!" मी म्हटलं, चार! बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, माहितीपुस्तकं सगळी जर्मनमध्ये, आणि मी आपला चित्रं बघून वायरी जोडत राहिलो. निदान पोरीला तरी वाचता यावं.

"मग तुम्ही का नाही शिकलात?"

वेळ नव्हता.

"आता आहे की."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गच्चीवरच्या मशीन रूम मला बंद. नोव्हेंबरपासून कंपनीने तक्रारींच्या फोनवर बसवलंय. चारला घरी, मग खुर्ची आणि मी.

तिच्याच शाळेत मोठ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे. सहा आठवडे, शेवटी परीक्षा. मला शंभरात चाळीस मिळाले तर ती चार वर्षं घेणार, नाहीतर एकच. फॉर्मची मुदत तीस एप्रिल. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला आपल्या भाषेत तरी कधी चाळीस मिळाले होते का?" नर्स आहे, इंजेक्शन द्यायची सवय आहे तिला.

१४ मार्च

पहिला दिवस. आम्ही नऊजण. बाकं शाळकरी मुलांची, गुडघा आत जाईना. शिकवणाऱ्या बाई माझ्या पान्यांच्या पेटीपेक्षा वयाने लहान. नाव आणि धंदा सांगायला लावला. मी उठलो, घाम फुटला, आणि मी एक लिफ्ट आहे असं सांगून खाली बसलो.

१५ मार्च

कालचा एकही शब्द आठवत नाही.

२१ मार्च

भिंगरी रोज उजळणी घेते. जेवणाचं टेबल पुसून घेते, समोर बसते आणि छळते. शाळेतला वरचा वर्ग जर्मन शिकतो, त्यांची जुनी वही तिने कुठूनशी मिळवली आहे.

"उभं राहून म्हणा."

गुडघा!

"बरं, बसून. पण मोठ्यांदा."

मी म्हटलं, माझ्यावर इतकी मेहनत कशाला घेतेस? मी पास झालो तर तुझाच तोटा. तर म्हणे, "हरवायचं तर नीट हरवायचं. आणि बाबा, नोव्हेंबरपासून तुम्ही घरात रोज वीसएक शब्द बोलता. मोजलेत मी. त्यातले सहा 'दिवे बंद करा' दोनदा म्हणण्याचे."

काहीतरीच! इतका काही मी घुम्या नाही. (आज दिवसभर मुद्दाम लक्ष ठेवलं. चौदा.)

२९ मार्च

ऑफिसात गंमत. एक आजी तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे अडकल्या. मेकॅनिक पोचायला पंचवीस मिनिटं. फोनवर त्यांचा श्वास चढलेला, रडकुंडीला आलेल्या. त्यांना बोलतं ठेवायचं तर बोलायचं काय? मला हवापाण्याच्या गप्पा जमत नाहीत. समोर पाचवा धडा उघडा होता — एक कुटुंब स्टेशनवर जातं आणि त्यांची बॅग हरवते. मी तो वाचून दाखवायला लागलो. एक वाक्य जर्मन, मग त्याचा अर्थ. हमाल, तिकीटबाबू, रडणारा मुलगा, सगळ्यांचे आवाज काढले. शेजारच्या टेबलावरचे दोघे फोन खाली ठेवून ऐकत बसले.

दार उघडलं तेव्हा आजी म्हणाल्या, "थांबा हो मेकॅनिक, बॅग सापडू द्या आधी!"

साहेबांनी बोलावून घेतलं. वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले, अडकलेल्या लोकांचे फोन यापुढे तुम्हीच घ्या.

५ एप्रिल

आज मेलो असतो. हसून.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माहितीपुस्तकात एक पान दिसलं होतं — लाल चौकट, ठळक अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. म्हणजे धोक्याची सूचनाच! ते मी लॅमिनेट करून एकतीस मशीन रूममध्ये चिकटवलं. माझा दंडकच होता: त्या पानासमोर उभं राहिल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही. वाचता कुणालाच येत नव्हतं. तरी हाताखालची माणसं बावीस वर्षं त्याच्यासमोर टोपी काढून मिनिटभर गप्प उभी राहायची. मीही राहायचो.

आज माझ्या जागेवरच्या नव्या मेकॅनिककडून त्याचा फोटो मागवला. शब्दकोश घेऊन बसलो. "आमची लिफ्ट निवडल्याबद्दल आभार. आपले शेजारी आता आपला हेवा करतील!"

भिंगरी खुर्चीवरून खाली पडली. मी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो, श्वास पुरेना. बायकोची आज सुट्टी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, आमच्याकडे बघत. पदराने डोळे पुसले. हसून पाणी आलं असणार, ऐकू गेलं असेल तिला आतून.

नव्या मेकॅनिकला कळवलं, पान काढून टाक. तो म्हणाला, "राहू दे की साहेब, सवय झालीय."

२३ एप्रिल

उद्या परीक्षा. भिंगरीने चार पेन्सिली टोक करून ठेवल्यात. शत्रुपक्षाची ही तयारी!

२४ एप्रिल

निबंधाचा विषय: माझे कुटुंब. मी बॅग हरवलेल्यांचं लिहून आलो. आमचं लिहायला शब्द पुरेनात.

२९ एप्रिल

सदतीस.

तीन मार्कांनी गेलं! भिंगरीने पेपर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "दुसऱ्या प्रश्नात घाई केलीत." बस. हरल्याची टिंगल नाही की जिंकल्याची उडी नाही. त्याने जास्तच वाईट वाटलं. माझ्या तीन मार्कांपायी पोरीची तीन वर्षं जाणार. कुठल्या बापाने असली पैज लावावी? गाढव आहे मी.

उद्या शेवटची तारीख. शाळेत जाऊन सांगणार — मुलगी हुशार आहे, तिला चार वर्षं द्या. ती चिडली तर चिडू दे.

३० एप्रिल

शाळेत गेलो. कारकून बाईंनी फाईल काढली. म्हणाल्या, "अहो, हिचा फॉर्म कधीच आलाय." परकी भाषा: चार वर्षं. तारीख सहा मार्च. पैजेच्या पाच दिवस आधीची! खाली सही माझीच. तेव्हा ती समोर धरेल त्या कागदावर मी न बघता सही करत होतो.

घरी आलो. ती टेबल पुसून समोर बसली होती. म्हणाली, "बाबा, मोठ्यांच्या पुढच्या वर्गाचा फॉर्म आणलाय. किती वर्षं लिहू?"

मी म्हटलं, चार. आवाज असा निघाला की तिने विचारलं, सर्दी झाली का.