हलका हात

ताई,

अण्णांना दवाखान्यात घेऊन चाललोय. त्यांच्या डायबेटीसच्या गोळ्या आणि फाइल घेऊन लगेच तिकडेच ये. रागवायचं ते नंतर रागव.

त्यांच्या पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नख डॉक्टरलाच दाखव, असं तू बजावलं होतंस. मी म्हटलं, रोज वस्तरा चालवणाऱ्याला नख काय अवघड! रविवारी मीच कोरून काढलं. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. माझा हात किती हलका, म्हणून सलूनभर मिरवलो.

आज अंगठा काळानिळा झालाय, पू येतोय. तरी म्हणतात, दुखत नाही. मघाशी त्याच पायावर माझ्या हातून कढत चहा सांडला. किंचाळलो मी. अण्णा पेपर वाचत राहिले.

माझा हात हलका नव्हता गं, ताई.