रामलालले काय आयकू आलं

दारव्हा
३ जुलै २०२५

चि. रुपालीस,
तुह्या तुळसाआत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

पाकीट पाहून तुले हासू आलं असन, आजकाल पत्र कोन लिवते बाप्पा! पन तुले माहीत हाय, विक्की गेला तवापासून मी फोनले हात लावला नाई. दादानं, म्हंजे तुह्या बाबानं, नवा आनून देला, तो कपाटात पडून हाय. कोनाचाबी वाजला तं मी उठून आंगनात जातो. सातवीपर्यंत गुरुजीनं अक्षर घोटून घेतलं, ते आता कामी येऊन राह्यलं.

बाकी बरं हाय. शाळा सुरू झाली, माही खिचडीबी सुरू झाली. पोट्टे पयल्याच दिवशी वाढपावरून भांडले. तुह्या मायले डॉक्टरनं गुडघ्यासाठी चालाले सांगतलं, तं ते विहारापर्यंत चालते अन् तथी दोन तास गप्पा हानते. औषध चांगलं लागू पडलं म्हना.

आता कामाचं. काल दादाच्या तोंडातून निसटलं, का तू तथी नागपूरले फोनचाच अभ्यास करून राह्यली. गाडी चालवतानी फोन वाजला तं मानसाचं ध्यान जाते का नाई, त्याचा. साऱ्यायले माहीत, मलेच कोनी सांगतलं नाई. मी काय काचेची हाव का वं?

तं आयक. त्या शनिवारी विक्की यवतमाळच्या दुकानातून गाडीनं घरी याले निंगाला. अंधार पडून राह्यलता म्हनून मी फोन लावला, कुठवर आला म्हनून. एकदाच लावला. त्यानं उचलला नाई. गाडी चालवून राह्यला असन म्हनून मी पुन्हा लावला नाई. अन् मांगून रामलालची काळीपिवळी आली, त्याले माहा पोरगा वळनावर पडलेला दिसला. आंधी पडला का आंधी फोन वाजला, हे कोनीच पायलं नाई. सारे म्हनतात, तुळसा, तुहा काय दोष? पन मले रोज दिसते, फोन वाजला, त्यानं खिशात हात घातला अन् गेला.

तू मानसाच्या मनाचं मोजमाप करते म्हनतात. मले समजूत नको, ते सारं गाव घालते. खरं सांग. माह्या फोननं माहा विक्की गेला का?

वाट पायतो. आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुही,
तुळसाआत्या


नागपूर
१४ जुलै २०२५

ति. तुळसाआत्यास,
रुपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पाकीट आलं तेव्हा होस्टेलच्या पोरी जमल्या, रुपालीला प्रेमपत्र आलं म्हणून. मी वाचता वाचता रडायला लागले तशा एकेक करून निघून गेल्या. नंतर एकीने न सांगता चहा आणून ठेवला.

बाबांच्या पोटात काही म्हणून राहत नाही! हो आत्या, मी तोच अभ्यास करतेय. विक्कीदादा गेल्यावर मला दुसरा विषय सुचलाच नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच हवं असतं तो प्रश्न घेऊ नये. मी हट्टाने घेतला.

तुला वाटत असेल आम्ही माणसाच्या डोक्यात डोकावून पाहतो. तसं काही नसतं गं. एक खोली आहे, खुर्चीसमोर गाडीचं हँडल, त्यापुढे मोठा पडदा. पडद्यावर रस्ता पळतो, मध्येच गाय आडवी येते आणि ब्रेक दाबायचा. ब्रेक किती उशिरा लागला ते मशीन टिपतं. कॉलेजची पोरं येतात, खेळ समजून मजेत बसतात. परवा एकाने गाय आली तर चक्क हुर्र हुर्र केलं. कोणाचा फोन मध्येच वाजतो, पण वाजणार आहे हे त्याला आधी सांगत नाही. सांगितलं तर तो सावध होऊन बसेल आणि खरं काय ते कळणारच नाही. झाल्यावर सगळं समजावून सांगतो.

आकड्यांची छाननी मी करत नाही, माझ्यासोबत काम करणारी सुरभी करते. कोणाचा फोन वाजला होता हे तिलाही ठाऊक नसतं. मी केली असती तर मला जे पाहायचंय तेच मी पाहिलं असतं. आणि मला काय पाहायचंय ते तुला वेगळं सांगायला पाहिजे का? फोन वाजला तरी काही फरक पडत नाही, एवढंच मला पाहायचंय.

अजून सगळं हाती यायचंय. तोवर मला विचारू नको. आई म्हणते तू शाळेत पोरांना वाढतेस आणि स्वतः तशीच घरी येतेस. जेवत जा गं आत्या, नाहीतर मी येऊन तुला भरवीन.

भाचीला अंतर देऊ नकोस.

तुझी,
रुपाली


दारव्हा
२९ जुलै २०२५

चि. रुपाली,
आत्याचा जयभीम, आशीर्वाद.

तुहं पत्र दोनदा वाचलं. गायीचं वाचून हासली. बम दिवसायनं हासली. तुह्या पडद्यावर म्हशीबी टाक, त्या हलतच नाईत.

तुले एक सांगाचं हाय. परवा दादा धावत आला, गळ्यात मापाचा टेप तसाच, दुकानात गिऱ्हाईक सोडून आला. म्हने रामलालले आठवलं. रामलाल उतरला तवा विक्की पडलेलाच होता, अन् फोन गवतात वाजून राह्यलता! समजलं का तुले? म्हंजे माहा फोन लागला तो पडल्यावर लागला. गिट्टीवरून चाक घसरलं, तो पडला, अन् मंग मी फोन लावला. मी एकदाच तं लावला होता.

मी तथीच भुईवर बसली. किती रडली ते मलेच माहीत. पन हे रडनं वेगळं होतं. रातच्याले तुह्या मायनं भाकर अन् वांग्याची भाजी धाडली, ते मी सारी खाल्ली. सकाळी ऊन अंगावर येलोक झोपून होती. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू हाय, तथी गेली तं बाया म्हने, तुळसाबाई, आज तोंड वेगळं दिसून राह्यलं.

पन मन मोठं खट्याळ असते वं. रातभर चांगलं राह्यलं, अन् सकाळी म्हनते, आठ महिने रामलालले काहून आठवलं नाई? दादाले इचारलं तं तो चिडला. म्हनून तुले लिवतो. कसं इचाराचं ते तुले शिकवलं हाय. तू ये, अन् रामलालले तू इचार. तू हो म्हनली का माहं मन कायमचं शांत होईन.

लवकर येजो. माया हाय तशीच असू दे.

तुही,
तुळसाआत्या


दारव्हा
४ ऑगस्ट २०२५

चि. रुपालीस,
बाबाचा जयभीम.

मी कधी पत्र लिवत नाई, पन फोनवर तुही माय आयकते अन् मंग आख्ख्या दारव्ह्याले समजते.

तुळसीनं तुले बोलावलं म्हने. ये, घर तुहंच हाय. पन रामलालच्या वाट्याले जाऊ नको. त्याच्या काळीपिवळीचा नंबर माह्या दुकानासमोरच लागते. रोज सकाळी मी त्याले चहा पाजतो, दोन गोष्टी करतो. त्यानं जे सांगतलं ते सांगतलं. आता ते उकरून काय भेटनार हाय तुले?

माही बहीन आठ महिन्यानं जेवली, रुपाली. तिचे जावई-सून, नातू-पंतू काहीच नाई, जे होतं ते गेलं. तुहं शास्त्र नागपुरात ठेवून ये. मी तुह्या समोर आजपर्यंत हात जोडले नाई, आज जोडतो.

येतानी तुह्या मायच्या गुडघ्याचा पट्टा आनजो.

तुहे,
बाबा (नागोराव)


नागपूर
१९ ऑगस्ट २०२५

ति. आत्यास,
रुपालीचा जयभीम. वि. वि.

पंधरा ऑगस्टला मी दारव्ह्याला येऊन गेले आणि तुला न भेटता परत आले. तुझ्या दारापर्यंत आले होते. तू आत शाळेसाठी तांदूळ निवडत होतीस, काहीतरी गुणगुणत होतीस. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. तोंडाने सांगता आलं नसतं म्हणून लिहिते.

मी रामलालकाकांच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसून यवतमाळपर्यंत गेले. फोनचं नावही काढलं नाही. त्या संध्याकाळचं जे जे आठवतं ते पहिल्यापासून सांगा, एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. त्यांनी सगळं सांगितलं. आधी रस्त्यावर एक चप्पल दिसली, मग गाडी, मग विक्कीदादा. आपला दुपट्टा त्याच्या डोक्याखाली ठेवला, तेही सांगितलं. फोन त्यात कुठेच आला नाही. काही ऐकू आलं का विचारलं, तर म्हणाले रातकिडे, आणि गाडी चालूच ठेवली होती तिचं इंजिन.

मग त्यांनीच फोनचं काढलं. बाबा रोज चहा देतात आणि विचारतात, फोन वाजतच होता ना? आधी ते आठवत नाही म्हणाले. बाबांचा चेहरा पडायचा. मग असेल म्हणाले. मग हो म्हणाले. आता तर कान लावला की खरंच वाजताना ऐकू येतो, पण त्या संध्याकाळचा की चहाच्या टपरीवरचा, हे त्यांनाच कळत नाही. हे सांगताना त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागचे प्रवासी बोंबलत होते तरी.

आत्या, ते खोटं बोलले नाहीत. बाबाही नाही. प्रश्नातच उत्तर घालून विचारत राहिलं की माणसाला तसंच आठवू लागतं. यावर किती प्रयोग झालेत, खालच्या वर्गांना मीच ते शिकवते. माझ्याच घरात घडेल असं वाटलं नव्हतं.

आणि माझं काम पूर्ण झालं. चिठ्ठ्या टाकून आम्ही पोरांचे दोन गट केले होते, एकाचा फोन वाजला, दुसऱ्याचा नाही. ज्यांचा वाजला त्यांचा ब्रेक उशिरा लागला. ज्यांनी उचलला नाही त्यांचासुद्धा. सुरभीकडून दोनदा तपासून घेतलं. पण हे गटाचं खरं आहे, एका माणसाचं नाही. विक्कीदादाचं सांगायचं तर तोच विक्की, तेच वळण, तीच संध्याकाळ दोनदा हवी. एकदा फोन वाजलेली आणि एकदा न वाजलेली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही, आणि कधी येणारही नाही.

बाबांनी हात जोडले होते. पण तू खरं सांग म्हणाली होतीस. माझ्यावर राग धर, मार, पण बोलणं सोडू नकोस.

तुझी,
रुपाली


दारव्हा
२ सप्टेंबर २०२५

चि. रुपालीस,
आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

पत्र भेटलं त्या दिवशी खिचडीत दोनदा मीठ पडलं. पोट्ट्यायनं मुकाट्यानं खाल्लं, एकानंबी तोंड वाकडं केलं नाई. तवा मले जास्त रडू आलं.

तुह्यावर बम राग आला. चार दिवस तुले मनातल्या मनात शिव्या देल्या. कायले सांगतलं वं? एक हो म्हनली असती तं तुहं काय जात होतं? मंग राग उतरला. सारे माही समजूत काढत होते, जवाब तू एकटीनंच देला. तो जवाब माहीत नाई असा हाय, तं असू दे.

तू म्हनते तोच विक्की दोनदा पायजे. रुपाली, मले तं एकच होता. फोन न वाजलेला दुसरा मी कुठून आनू? रातच्याले पडल्या पडल्या त्याले मी वळनावरून सुखरूप आनतो, दारात गाडी लावतो, हात धू म्हनतो. अन् पुढं काय बोलाचं ते समजत नाई.

रामलालले म्हना मनाले लावून घेऊ नको. त्यानं माह्या लेकराच्या डोक्याखाली दुपट्टा ठेवला. मी त्याले नवा घेऊन देतो. अन् पुढच्या टायमाले दारातून परत गेली तं याद राख, टांगड तोडीन. आत्यावर लोभ हाय तसाच ठेवजो.

एक काम कर. रामलालचं मले समजलं हे दादाले सांगू नको. विक्कीले ती गाडी त्यानंच घेऊन देलती, तो कधी बोलत नाई, पन तवापासून त्याचं शिवन वाकडं पडते. रोज संध्याकाळी दुकान बंद करून माह्याकडं येते, अन् चष्मा पुसत बसते. मंग मीच चहा मांडतो अन् त्याले इचारतो, दादा, फोन वाजतच होता ना? तो म्हनते, हो वं बाई, वाजतच होता. मंग तो चहा पेते.

तुही,
तुळसाआत्या