कागद तेल पितो

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोज खरं तेच लिहायचं. वही माझी मीच शिवली आहे, दुसरं कुणी वाचणार नाही. शिक्षण सातवी, पण चाळीस वर्षं बुकबाइंडिंग केलं. वही उत्तम शिवतो.

तर खरं असं. बारा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात तेल मी सांडलं. डब्यातून बाटलीत ओतताना, वाटीभर. लगेच वर्तमानपत्र टाकलं, त्यावर उभा राहून पाय घासले, कागद उचलला. कागद तेल पितो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? फरशी चकाकत होती. स्वच्छ झाली असं मी धरलं. दहा मिनिटांनी ही चहा ठेवायला गेली आणि पडली. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात सांगणारच होतो. पण हीच डॉक्टरांना म्हणाली, अचानक तोल गेला हो, पायाखाली काहीसुद्धा नव्हतं. आता चारचौघांत बायकोला खोटं पाडायचं? मी तसला माणूस नाही.

दुपारी ३.
पुढच्या सोमवारी हिच्या डोक्याचं स्कॅन. वेळ मुलाने घेतली. ही घरातल्या घरात भिंत धरून चालते. काल डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहून डब्यांवर चिकटवल्या. मीठ. साखर. अक्षरं गाडीतून पडल्यासारखी. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, उद्या माझं डोकं चालेनासं झालं तर तुम्ही मिठाचा चहा प्याल.

निश्चय: स्कॅनच्या आधी सांगायचं. पण असली गोष्ट रिकाम्या पोटी सांगू नये. आधी काहीतरी चांगलं खायला घालायचं. स्वतः करून.

मंगळवार, ५ मार्च.
सूनबाईला फोन केला. सोप्यात सोपं काय? म्हणाली, बाबा, चिकन, बटाटे, गाजर, कांदे, सगळं एका ट्रेमध्ये टाका. वरून तेल, मीठ, मिरपूड, लिंबू. ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवा आणि विसरून जा. म्हटलं, विसरणं मला जमतं. मग तिने विचारलं, बाबा, तब्येत ठीक आहे ना तुमची?

बेत ठरला. पहिला तुकडा खाऊन झाला, की दुसरा वाढता वाढता सांगायचं. मजकूर लिहून काढला. अकरा ओळी. पाठ करतोय.
ओटाही आवरला. आताच अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

बुधवार, ६ मार्च.
दर बुधवारी ही बसने बहिणीकडे जायची. आज मेहुणीचाच फोन. ही म्हणाली, नको गं, वाटेत पडले तर कोण उचलणार? मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग वाईट वाटलं म्हणून कमी केला.
ओळी पाच पाठ.

गुरुवार, ७ मार्च. सायंकाळी ५.
सरावासाठी ओव्हन नुसता तापत ठेवला. आतून धूर. प्लास्टिकची झाकणं वितळून जाळीला चिकटलेली. ही भिंत धरत आली. बघून म्हणाली, अगं बाई, मीच ठेवली असणार. बघा, आठवतसुद्धा नाही आता. आणि तिथेच स्टुलावर बसली.
झाकणं मी ठेवली होती. मंगळवारी, ओटा आवरताना.
बोलणार होतो. पण थोडं थोडं सांगण्यापेक्षा सगळं एकदमच सांगितलेलं बरं. ओळी तेरा झाल्या.

शुक्रवार, ८ मार्च.
चिकन आणलं. चिकनवाल्याने विचारलं, कोण करणार? म्हटलं, मी. म्हणाला, मग काका, तंगड्याच न्या, बिघडवायला कठीण. उद्धट, पण अनुभवी.
आज करणार होतो. ही दमलेली दिसली. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला दोन दिवस जेवण जात नाही, तरी खवखवतं.

शनिवार, ९ मार्च.
गाजरं आणायची राहिली होती. गाजराशिवाय कसं करणार?
आज हिने मला गॅसची टाकी बदलायला शिकवली. मग गिझर. म्हणाली, नीट बघून ठेवा, पुन्हा सांगायला मी असेन नसेन. मी नीट बघितलं. काहीच दिसलं नाही.

रविवार, १० मार्च. रात्री ८.
पाऊण तासाचा सव्वा तास झाला, कारण मी ओळी म्हणत बसलो होतो. तंगड्या वरून कोळसा. बटाट्यांबद्दल लिहीत नाही. फडकं ओलं होतं, चटका बसला, ट्रे कलला. सगळं तेल फरशीवर.

पुढचं हातापायांनी आपोआप केलं. वर्तमानपत्र टाकलं, वर उभा राहिलो, पाय घासले. मान वर केली तर दारात ही. आधी फरशीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाली, त्या दिवशीही असंच पुसलं होतंत?

मी म्हणालो, हो. तेरा ओळींतलं एवढंच आलं.

मग विचारलं, आणि झाकणं? म्हटलं, तीही मीच. ही स्टुलावर बसली. मग म्हणाली, म्हणजे माझं डोकं ठीक आहे? आणि रडायलाच लागली. मग हसली, मग पुन्हा रडली. मी म्हटलं, चिकन वाढू का? म्हणाली, गप्प बसा आणि खाली बसा. आधी कोरडं पीठ, मग साबण, मग गरम पाणी. तीन वेळा पुसून घेतलं. माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत आहे.
नंतर एक तंगडी खाल्ली. दुसरा तुकडा मागितला नाही.

सोमवार, ११ मार्च.
डॉक्टरांना खरं कळवलं. स्कॅन रद्द. मुलगा माझ्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलला. त्यात मी फक्त हो म्हणालो.
नोंद: कबुली मी स्वतः दिली. विचारलं तिने, पण हो म्हणणारा मीच.

बुधवार, १३ मार्च. दुपारी १.
ही सकाळी बसने गेली. एकटी. भिंत धरली नाही. पिशवी मोठी होती. प्लॅस्टर निघेपर्यंत बहिणीकडेच राहणार. तीन आठवडे. म्हटलं, इथे काय कमी आहे? म्हणाली, तिथली फरशी कोरडी असते.

अंडं तळावं म्हणून ओट्याशी गेलो. बाटलीवर नवी चिठ्ठी. डाव्या हाताचं अक्षर बरंच सरळ झालंय. ‘तेल. सांडलं तर सांगणे.’
बाटली रिकामी होती. डबा भरलेला.
पाव कोरडाच खाल्ला.