आईच्या घेवड्याची बरणी

ता. ४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र एकटी असताना वाच आणि आईच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. घात झालाय गं! तुम्ही अंगणाचं घर सोडून तिसऱ्या मजल्यावर गेलात, तेव्हा आईने तिच्या ठिपक्यांच्या घेवड्याचं सगळं बियाणं माझ्या हवाली केलं. अंगण आता तुझ्याकडेच उरलंय म्हणाली. काल बरणी खाली काढली तर आत भुंग्यांची जत्रा!

दोष अर्धा ह्यांचा. स्वस्त दिसलं की ह्यांना धीर धरवत नाही. वीस किलो हरभरे पोत्यासकट आणले आणि बरणीच्या शेजारी टेकवून ठेवले. उरलेला दोष माझा. दाण्याला श्वास लागतो, झाकण लावायचं नाही, असं आईनेच शिकवलेलं, म्हणून मी तोंडाला नुसतं फडकं बांधलं होतं.

आई महिन्याभराने इकडे येणार. चपला काढायच्या आधी बरणी मागेल. लहानपणी ह्या बरणीला हात लावला म्हणून मी मार खाल्लाय, आता कुठल्या तोंडाने दाखवू? तू वसतिगृहाच्या कोठीत चारशे पोरींचं धान्य सांभाळतेस. काहीतरी सुचव.

माया आहेच, ती या संकटात दुप्पट कर.
तुझी घाबरलेली वन्सं


ता. ९ मार्च

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पोटभर हसून घेतलं, माफ करा. मी डब्यांवर तारखा लिहिते म्हणून मला ‘पोलीसबाई’ कोण म्हणत होतं?

आता ऐका. पोतं आजच्या आज घराबाहेर काढा. हरभरे चाळा, कडक ऊन द्या, पूर्ण गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा आणि डब्यावर तारीख घाला. फळीच्या सांधीकोपऱ्यात सांडलेले दाणे टोचून टोचून काढा, भुंगे तिथेच दडतात. जुनं संपल्याशिवाय नवीन पोतं आणायचं नाही, हे भाऊजींना माझ्या नावाने सांगा.

बियाण्याला मात्र कडक ऊन नको, त्यातला जीव जाईल. चांगले दाणे वेचून एखादा दाताखाली धरा. टच्च वाजला पाहिजे. मऊ लागला तर आधी सावलीत वाळवा. मग पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका हं, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं.

आईंना पत्ता लागलेला नाही. तुमचं पत्र मी रव्याच्या डब्यात लपवलंय.

रागावू नका, लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची पोलीसबाई


ता. २४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ह्यांनी दुकान एक दिवस बंद ठेवलं, घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने एकेक दाणा उलटसुलट करून बघितला. मी हसले तर म्हणाले की चूक माझी आहे, मला निस्तरू दे. बरणीभर दाण्यांतून धड निघाले एकेचाळीस. बर्फातून काढून पाच दाणे रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून बघितलेत. आज सहावा दिवस. काही हालचाल नाही.

आता तुझ्यापासून काय लपवू? बाजारात अगदी तसाच ठिपक्यांचा घेवडा दिसला. मी किलोभर आणला, बरणी भरून टाकली आणि ह्या खेपेला झाकणही लावलं. आईचे डोळे आता अधू झालेत, तिला काय कळणार? पण बरणीसमोरून गेले की माझीच मान खाली जाते. तूच सांग, गप्प बसू की कबूल करू?

उत्तराची वाट बघते. तोवर मनातून उतरवू नकोस.
तुझी वन्सं


ता. २८ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

उत्तर सूनबाईकडून येईल असं वाटलं असेल. तिने तुझी पत्रं रव्याच्या डब्यात लपवली. डबा हवाबंद, तारीख घातलेला, सगळं शिस्तीत. पण मला काल रवा हवा होता.

वाचून आधी संतापले. मग माझंच जुनं आठवलं. ताई, तुझ्या जन्माच्या वर्षी मीसुद्धा हाच घोळ घातला होता. असंच फडकं, असेच भुंगे, आणि माझा तर एकही दाणा वाचला नाही. तुझ्या आजीचं बियाणं होतं ते. भीतीने मला अन्न गोड लागेना. शेवटी मागच्या घरातल्या शिंपिणीपुढे रडले. ती उठली आणि तिने ओंजळभर घेवडा माझ्या पदरात घातला. अगदी तोच. तिला तो तुझ्या आजीनेच दिला होता. आजीला शेवटपर्यंत काही कळलं नाही. इतकं होऊनही फडक्याचा हट्ट मी सोडला नाही, आणि तुलाही तेच शिकवलं.

आजीने वाटला म्हणून मी वाचले, आणि मी मात्र इतकी वर्षं कुणाला एक दाणा दिला नाही. सूनबाईने लग्नानंतर मागितला होता, तिलाही नाही म्हटलं. काल तिची माफी मागितली. ती आधी रडली, मग त्या फडक्यावरून मला बोलून घेतलं.

बाजारचा घेवडा शिजवून खाऊन टाका. जावईबापूंना म्हणावं भिंग जपून ठेवा, मी आल्यावर माझ्या डोळ्याला लावणार आहे. डब्यातल्या पाचांना वेळ दे, माझे दहाव्या दिवशी वर यायचे. उगवले नाहीत तर छत्तीस आहेत अजून. त्यांनीही दगा दिला तरी तुला रागवायला मला तोंड नाही.

येताना कागदाच्या रिकाम्या पुड्या घेऊन येते. यंदाच्या शेंगा वाळल्या की पहिली पुडी सूनबाईची. बाकीच्या कुणाला द्यायच्या ते तू ठरव, पण खूप जणींना दे.

तू माझी आहेस तशीच आहेस.
तुझी आई