डबा झाडल्याशिवाय

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जयभीम. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलूही नकोस. माझं तोंड सुटलं की काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. म्हणून कागद. सोलापूर ते होटगी अर्ध्या तासाची वाट, आणि मला दोन वर्षं लागली. हस खुशाल.

खोली तीच, गिरणीच्या वरची. कीबोर्डवर अजून पीठ बसतं. आपलं 'एसटी कुठं' ॲप आता बार्शीकडच्या गावांतनं बरीच माणसं वापरतात. गाडीला उशीर झाला की मलाच फोन करून शिव्या घालतात, जशी काय गाडी मीच चालवते. त्या शिव्यापण बऱ्या वाटतात गं, दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज. दुपारी लाइट गेली की गिरणी थांबते आणि मी एकटीच मोठ्यानं बोलत बसते. तुझी खुर्ची तिथंच आहे. लई एकटं वाटतं, तुझ्यापासून काय लपवू.

बार्शीच्या कॉलेजातला तो दिवस तू विसरली नसशील. साध्या फोनवर ॲप हलकं चालावं म्हणून आदल्या दिवशी मी, आपण लिहिलेल्याचं ॲप बनवून देणाऱ्या कंपायलरची एक सेटिंग बदलली होती. दाखवायला गेलो, तर सगळ्यांच्या फोनवर ॲप उघडायचं नि लगेच बंद पडायचं. दरवेळी तुझ्याच भागात, गाडी कुठं आहे ते शोधणाऱ्या. तू आपला लॅपटॉप पुढं करून म्हणत राहिलीस, माझ्याकडं चालतंय की. आणि मी सगळ्या मास्तरांदेखत म्हणाले, नाचता येईना, अंगण वाकडं. तू लॅपटॉप मिटलास. परतीच्या एसटीत तू पुढं बसलीस, मी मागं. नंतर तुझा भाग काढून मी स्वतः लिहिला, तर ॲप चाललं. मग काय, माझी खात्रीच पटली. ॲपमधनं तुझं नावसुद्धा पुसलं मी.

गेल्या मंगळवारी कंपायलरची सेटिंग पुन्हा बदलली आणि पुन्हा तेच, उघडायचं नि मिटायचं. या खेपेला माझ्या भागात. दोष द्यायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शोधावं लागलं. अगं, आपलं मशीन दरवेळी सगळं नव्यानं बनवत नाही. आधी बनवलेले तुकडे कॅशेत ठेवतं, आणि ज्यात आपण बदल केला नाही तो तुकडा जुनाच उचलतं. सेटिंग नवी, तुकडे जुन्या सेटिंगचे. तुझी आई सांगायची ना, डबा झाडल्याबिगर नवं पीठ वतू नगा, जुन्याला विरी नसती, पीठ धरून ऱ्हात न्हाय, भाकरी चिरती. आपण हसायचो मीनामावशींना. कॅशे पुसली, सगळं पहिल्यापासून बनवलं, तर चाललं.

मग भीत भीत तुझा जुना भाग शोधून परत ॲपमध्ये घातला. त्या दिवशीचा, एक अक्षर न बदलता. डबा झाडून पुन्हा सगळं बनवलं. पहिल्या फटक्यात चाललं. तुझ्या लॅपटॉपवर तू सगळं ताजं बनवलं होतंस. शिळं माझ्या मशीनमध्ये होतं, कारण आदल्या दिवशी मी माझेच भाग बदलले होते, तुझ्याला हात लावला नव्हता. मी तुझा भाग पुन्हा लिहिला म्हणून तेवढा तुकडा नव्यानं तयार झाला, बाकी माझी हुशारी काही नव्हती. अंगण वाकडं नव्हतं, मलाच नाचता येत नव्हतं.

काल तू शाळेत असताना होटगीला मावशींकडं गेले आणि सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्या दिसापास्नं पोरगी त्या कामाला हात लावंना, मला जमतच न्हाय म्हणती, शाळंच्या हापिसात हजेरी भरत बसती. मला हे ठाऊक नव्हतं गं. मला वाटत होतं, तू रागावून गेलीस. रागाव, जन्मभर रागाव, हवं तर परत येऊ नकोस. बार्शीच्या मास्तरांना मी माझी चूक लिहून कळवलीय, ॲपमध्ये तुझं नाव परत घातलंय. त्याचं तुला काही वाटो न वाटो, एवढं मात्र खरं धरून चाल. त्या दिवशी तू म्हणत होतीस, माझ्याकडं चालतंय की. चालत होतं, प्रिया. तुझं काम चालत होतं.

तुझीच तोंडाळ,
दीक्षा