रिकामं ठाण

लखनौ, १२ डिसेंबर १९८३

प्रिय ईश्वर,
सप्रेम जयभीम.

तुझ्या दादांनी तुझ्याकडे पैसे मागितलेत, हे मला परवा कळलं. आणखी चार लोकांचे घोडे ठेवून घ्यायचे, तबेल्यावर नवे पत्रे घालायचे, असं त्यांच्या डोक्यात आहे. नागपूरच्या घरासाठी साठवलेला फंड तू काढून देशील, हेही मला ठाऊक आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू चौथीत होतास. तुझा स्वभाव मी नाही ओळखणार तर कोण?

तबेला भरलेला दिसला की लोकांना वाटतं, पेन्शनीत यांचं छान चाललंय. अरे, दुकानातला माल पडून राहिला तर निदान खात तरी नाही. घोड्यावर मालक बसो न बसो, त्याचं तोंड चालूच. चणा महागला, भुसा महागला, नाल ठोकणारा दर खेपेला वाढवून मागतो. मालकांशी ठरलेला आकडा मात्र पहिल्या वर्षीचाच. वाढवून मागायला तुझ्या दादांची जीभ रेटत नाही. चौकातले मिर्झासाहेब यायचे, आपल्या घोडीच्या, शबनमच्या, मानेवरून हात फिरवायचे, मला म्हणायचे, "भाभीजान, आपके हाथ में बरकत है," आणि चहा पिऊन जायचे. इतकं गोड बोलणाऱ्याकडे पैसे कसे मागायचे, असं दादा मलाच विचारायचे. नागपूरला भाजीवालीशी आठ आण्यांसाठी भांडणारा माणूस हा! लखनौने त्यांना पार बिघडवलं.

पुढे मिर्झासाहेबांचं येणंच थांबलं. शबनम आमच्याकडेच म्हातारी झाली. टांगेवाले मागत होते, पण टांग्याला जुंपून मरेल म्हणून दादांनी दिली नाही. तिचे दात गेले तेव्हा चणे भिजवून कुटायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज चिडायचे आणि रोज कुटायचे. आता गुडघे वाकत नाहीत, दादांना भुशाने खोकला लागलाय. चला परत नागपूरला, असं म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "शबनमचं काय?"

गुरुवारी शबनम गेली. मी खूप रडले, मलाच नवल वाटलं. दादा दोन दिवस नीट जेवले नाहीत. काल मात्र उठून त्यांनी तिचं ठाण झाडलं, ताजा पेंढा पसरला. पहिल्या तारखेला तिथे कुणाचा तरी नवा घोडा येणार आहे. म्हणून हे पत्र घाईने लिहिते. पैसे पाठवू नकोस. ते घरालाच लाव, आणि दादांना लिही, की बांधकामावर देखरेखीला घरचं माणूस नाही, तुम्ही या. दमलो, हरलो म्हणून ते कधी निघायचे नाहीत. धाकट्याचं अडलंय म्हटल्यावर घोडे ज्याचे त्याला परत करून ट्रंक बांधतील. मी लिहिलं हे बोलू नकोस. मी फार थकले रे. ते ठाण भरायच्या आत आम्हाला बोलाव.

तुझीच,
सुनंदावहिनी